रविवारचे घरकाम

सात दिवसांनी एकदा काम थांबवायचे, ही पद्धत महाराष्ट्रात फार जुनी नाही. वार होते, पण ते उपासाचे आणि बाजाराचे. विश्रांती यायची ती तिथीने. अमावास्येला शेतकरी औत धरत नसे, पोळ्याला बैलांच्या मानेवर जू चढत नसे, दसऱ्याला हत्यारे-अवजारे पुसून पूजेला लागत. घरातल्या साधनांनाही असेच दिवस ठरलेले होते. नागपंचमीला विळीने चिरायचे नाही, तवा चढवायचा नाही, तळायचे नाही असा नेम. म्हणून त्या दिवशी पुरणाची दिंडे उकडून करत. दोनच दिवसांनी शिळासप्तमी येई. त्या दिवशी चूल पेटत नसे. ती सारवून, तिची पूजा करून आदल्या दिवशीचे अन्न खायचे. सुट्टी मिळायची ती विळीला, तव्याला आणि चुलीला. बाईला ती त्यांच्यामागून मिळे, आणि त्या सुट्टीसाठी षष्ठीला दुप्पट रांधावे लागे. तरीही चूल विझलेली ठेवण्याचा हक्क या पंचांगात लिहिलेला होता, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे; पुढे आलेल्या आठवड्यात तो कुठेच लिहिलेला नव्हता.

साफसफाईचेही तसेच. रोजचा केर काढणे आणि चूल-ओटा सारवणे ही सकाळची कामे. मोठी आवराआवर मात्र सणांना बांधलेली होती. घट बसण्याआधी गावोगावी गोधड्या, घोंगड्या, वाकळा उचलून नदीवर नेत आणि घरातले एकूण एक कापड धुऊन खडकांवर वाळत घालत. दिवाळीपूर्वी भिंतींना चुना किंवा पांढरी माती लागे, माळ्यावरची जळमटे निघत, तांब्या-पितळेची भांडी चिंच आणि राखेने घासून उजळत, कल्हईवाल्याला बोलावणे जाई. लक्ष्मीपूजनाला नवी केरसुणी आणून तिला हळदकुंकू वाहत. स्वयंपाकातले वर्षाचे काम उन्हाळ्यात उरकत. पापड, कुरडया, सांडगे, शेवया, लोणची, मसाला, धान्याला ऊन देऊन कणग्या भरणे हे सारे चैत्र-वैशाखात होई, आणि ते एकटीने करायचे कामच नव्हते. आज एका घरी, उद्या दुसऱ्या घरी असे आळीतल्या बायका हात लावत. या सगळ्याला बेगमी म्हणत.

रविवार आला तो सरकारी कचेऱ्या, न्यायालये आणि मिशनच्या शाळांतून. इंग्रजांच्या धर्मात तो प्रार्थनेचा वार असल्याने कारकून आणि विद्यार्थी यांना तो आयता मिळाला. गिरणी कामगारांना मात्र लढून घ्यावा लागला. मुंबईत कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये पहिली कापड गिरणी उभारण्यास आरंभ केला आणि तीस वर्षांत शहराचा मध्यभाग धुराड्यांनी भरून गेला. दिवे नव्हते तोवर सूर्योदय ते सूर्यास्त हीच पाळी; उन्हाळ्यात ती साहजिकच लांबे. ठरलेली साप्ताहिक सुट्टी नव्हती. गिरणी एखाद्या दिवशी बंद राहिली तरी यंत्रे पुसायला आणि तेलपाणी करायला माणसांना बोलावले जाई. म्हणजे कामगाराच्या सुट्टीतले पहिले काही तास गिरणीच्याच साफसफाईत जात आणि उरलेल्या वेळात घरची.

नारायण मेघाजी लोखंडे (१८४८–१८९७) हे महात्मा फुल्यांचे सहकारी आणि 'दीनबंधु' पत्राचे संपादक. सप्टेंबर १८८४ मध्ये त्यांनी कामगारांच्या सभा घेतल्या आणि सुमारे ५,५०० सह्यांचा अर्ज तयार केला. त्यात रविवारची सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत आणि कामावर जखमी झालेल्याला मदत अशा मागण्या होत्या. २४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरली आणि तिथे दोन कामगार स्त्रियांनीही भाषणे केली. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. पुढच्या वर्षीच्या फॅक्टरी कायद्याने साप्ताहिक सुट्टी सक्तीची केली आणि स्त्रियांचा कामाचा दिवस अकरा तासांवर आणला. बहुजन समाजात रविवार हा खंडोबाचा वार. त्यामुळे परक्यांच्या पंचांगातला हा दिवस घरच्या देवाशी सहज जुळला.

सुट्टीच्या त्या मागणीत घरकामाचा उल्लेख नव्हता. त्या काळी तो कोणाच्याच मागणीत नव्हता. पण गिरणीतल्या स्त्रियांना, आणि त्या एकूण कामगारांच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास होत्या, रविवारचा अर्थ पुरुषांहून वेगळा लागला. सूत गुंडाळण्याच्या खात्यात सहा दिवस उभे राहून आलेल्या बाईचे कपडे, भांडी, दळण, कांडण, पाण्याचे हंडे आणि मुलांची डोकी या सगळ्यांसाठी तो एकच दिवस होता. यंत्र थांबले की गिरणीतले काम थांबे. घरात थांबवायला यंत्रच नव्हते.

गिरणगावातल्या खोल्या लहान. वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी इथे १९२० नंतर उभ्या राहिलेल्या बीडीडी चाळींतली खोली सुमारे १६० चौरस फुटांची. त्यात एक कुटुंब आणि बहुधा गावाकडचे दोन-तीन पाहुणे. एवढ्या जागेत आवरून ठेवणे ही हौस नव्हती. पसारा झाला तर झोपायला जमीन उरत नसे. म्हणून ट्रंका एकावर एक, अंथरुणे वळकटी करून दोरीवर, फळीवर डब्यांची उतरंड, मोरीच्या कठड्यावर घासलेली भांडी अशी एक काटेकोर मांडणी चाळींनी घडवली. रविवारी ती पूर्ण उपसून पुन्हा लावायची. कोकणातून किंवा घाटावरून एकटे आलेले पुरुष खानावळीत जेवत. खानावळ चालवणाऱ्या बाईला रविवारी उलट दुप्पट काम, कारण त्या दिवशी सगळी पाने एकदम बसत आणि जेवण गोडाचे किंवा मटणाचे लागे. या खानावळवाल्या बायकांची संघटना उभी राहायला १९७५ साल उजाडले. प्रेमा पुरव यांनी त्या वर्षी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले आणि बँकेचे कर्ज त्यांच्यापर्यंत पोचवले.

रविवारच्या मटणाचाही असाच इतिहास आहे. सोमवार शंकराचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा आणि पुष्कळ घरी मंगळवारही देवीचा किंवा गणपतीचा. मांसाहाराला उरलेल्या तीन वारांत निवांत वेळ फक्त रविवारी. ज्या घरी रविवार खंडोबाचा म्हणून पाळला जाई ती सोडली, तर सकाळी मटणाच्या दुकानापुढची रांग, वाटण वाटण्याचा आवाज आणि दुपारी उशिराचे जेवण ही मराठी मुलुखातल्या शहरांची रीत झाली. बाजारातून मटण आणायचे काम पुरुषाचे. वाटण, फोडणी आणि नंतरची तेलकट भांडी बाईची.

सुशिक्षित घरांत घरकामाकडे पाहण्याची दृष्टी बदलली ती शाळेमुळे. अमेरिकन मिशनने १८२४ पासून मुंबईत मुलींच्या शाळा काढल्या. १८२७ मध्ये आलेल्या सिंथिया फॅरार यांनी पुढे अहमदनगरला शाळा चालवल्या. त्या पाहूनच जोतीराव फुल्यांना मुलींच्या शाळेची प्रेरणा मिळाली. मिशनच्या मुलींना वाचन-लेखनाबरोबर सुईकाम शिकवत. १८८४ मध्ये पुण्यात हुजूरपागेची शाळा निघाली तेव्हा मुलींना काय शिकवावे यावर मोठा वाद झाला. टिळकांच्या 'मराठा' पत्राने तिथल्या इंग्रजी अभ्यासक्रमावर कडक टीका केली आणि मुलींना घरात उपयोगी पडेल असेच शिक्षण हवे असे मांडले. १८८६ मध्ये नारायण बापूजी कानिटकरांनी 'तरुणीशिक्षणनाटिका' लिहून शिकलेल्या बायकांची टर उडवली. सुधारकांनी या टीकेला दिलेले उत्तर विचार करण्याजोगे आहे. शिकलेली स्त्री घर अधिक नीट चालवते, असे ते म्हणू लागले. धोंडो केशव कर्व्यांनी १९१६ मध्ये महिला विद्यापीठ स्थापन केले तेव्हा जपानच्या महिला विद्यापीठाचा नमुना समोर ठेवून मराठी माध्यम आणि गृहजीवनशास्त्र यांना त्यात मुद्दाम स्थान दिले. शिक्षणाचे दार उघडायला ही तडजोड उपयोगी पडली, यात शंका नाही. पण त्याचबरोबर घर टापटीप ठेवणे ही शिकलेल्या बाईची परीक्षा ठरली, आणि ती परीक्षा रोज होऊ लागली.

पाकशास्त्राची पुस्तके याच वाटेने आली. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे 'सूपशास्त्र' १८७५ चे. छापील मराठी पाककृतींचा आरंभ त्यापासून धरतात. १९१० मध्ये लक्ष्मीबाई धुरंधर यांचे 'गृहिणी-मित्र अथवा हजार पाकक्रिया' आले. एका बाईने, बायकांसाठी, पाठारे प्रभूंच्या मासळी-मटणासह लिहिलेले हे जाडजूड पुस्तक अनेक पिढ्या घराघरांत राहिले. एकत्र कुटुंबात सासूच्या हाताखाली जे पाहून शिकता येई, ते नोकरीच्या गावी वेगळा संसार मांडलेल्या मुलीला पुस्तकातून घ्यावे लागले. कमलाबाई ओगले यांच्या 'रुचिरा'ला (१९७०) जो अफाट प्रतिसाद मिळाला त्याचे कारण हेच. त्यांनी मापे वाटी-चमच्यात दिली आणि माणशी प्रमाण सांगितले. 'अंदाजाने' हा शब्द ज्यांना छळत होता, त्यांना रविवारी एखादा नवा पदार्थ करून पाहण्याचे धैर्य त्या पुस्तकाने दिले.

विणकामाची कथा मात्र निराळी आहे, कारण दोन सुयांवरचे विणकाम या मातीतले नव्हेच. महाराष्ट्रात लोकर होती. धनगरांच्या मेंढ्यांची जाड, राठ लोकर कातून सनगर मागावर घोंगडी विणत. सोवळ्याला लोकरीची धाबळी चाले, कारण लोकरीला विटाळ नाही असे मानत. पण हे सारे मागावरचे कापड. सुयांवर टाके घालून, धाग्यात धागा अडकवून अंगाच्या आकाराचे वस्त्र घडवणे हे युरोपियन बायकांकडून आले, मिशनच्या शाळांतून पसरले आणि त्यासाठी मऊ, बारीक, पिळाची लोकरही बाहेरूनच आली. गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत पोर्तुगीज वळणाचे क्रोशाचे काम त्याआधीपासून होते. मराठी घरांत सुया आणि क्रोशा जवळपास एकत्रच रुळले. पंढरपूर-सोलापूरच्या उन्हात लोकरीचे काय काम, असा प्रश्न पडतो. उत्तर पाळण्यात आहे. बाळंतविड्यात टोपडे, मोजे आणि स्वेटर हवेच, मग हवा कशीही असो. पुणे, नाशिक आणि नागपूरकडे थंडी खरीच पडे. मुंबईत काम लहान वस्तूंवर भागे.

हे विणकाम मध्यमवर्गीय घरात इतके पक्के बसले त्याचे कारण त्याच्या स्वभावात आहे. ते कुठेही उचलता येते आणि कुठेही ठेवता येते. दूध उतू जात असेल तर ओळ अर्धी सोडून उठता येते. परत आल्यावर टाके सुईवर तसेच असतात. शिवणयंत्राला जागा लागते, भरतकामाला उजेड आणि एकटक नजर लागते. एक सुलट, एक उलट अशी वीण हातांना एकदा बसली की गप्पा मारता येतात, रेडिओ ऐकता येतो, मुलाचा पाढा ऐकता येतो. रविवारी दुपारी जेवणे उरकून झाकपाक झाली की चाळीच्या गॅलरीत किंवा वाड्याच्या ओटीवर बायका लोकर घेऊन बसत. नमुना कागदावर नसे. शेजारणीच्या स्वेटरची वीण उलटसुलट करून पाहायची, चार बोटे रुंदीचा तुकडा विणून घ्यायचा, जमला की टाके मोजून सुरुवात. मुंढे घटवताना आणि गळा काढताना मात्र जाणतीला विचारावे लागे. प्रत्येक आळीत अशी एक जाणती असे आणि तिचा मान स्वयंपाकातल्या सुगरणीइतकाच असे.

लोकर महाग, म्हणून काटकसरीची एक पूर्ण पद्धत तयार झाली. मूल वाढले की स्वेटर उसवायचा. उसवलेल्या धाग्याला वळ्या पडलेल्या असत. त्याच्या लडी करून, धुऊन, भार लटकवून वाळवले की तो पुन्हा सरळ होई. मग गुंड्या करायच्या आणि दुसऱ्या रंगाचा पट्टा घालून मोठ्या मापाचा स्वेटर काढायचा. थोरल्याचा निळा स्वेटर असा पट्ट्यापट्ट्याने धाकट्यापर्यंत जाई. उरलेल्या लोकरीचे आसन, पाटावरचा चौकोन, कानटोपी. क्रोशाचे दोऱ्याचे रुमाल आधी ट्रंकेवर आणि रेडिओवर, नंतर टीव्हीवर पसरले. लग्नाच्या रुखवतात मुलीने स्वतः विणलेल्या वस्तू मांडणे हा तिच्या हाताचा पुरावा मानला जाई. त्या वस्तूंपैकी पुष्कळ तिच्या आई-मावश्यांनी सुट्टीत बसून पुऱ्या केलेल्या असत.

या घरगुती कलेला सार्वजनिक काम मिळाले ते युद्धात. दोन्ही महायुद्धांच्या काळात सैनिकांसाठी मोजे, मफलर आणि कानटोप्या विणून पाठवण्याचे काम शहरांतल्या महिलांनी केले. १९६२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात चीनने आक्रमण केले, हिमालयातल्या जवानांना पुरेसे गरम कपडे नाहीत हे कळले, तेव्हा देशभर सुया चालू झाल्या. महाराष्ट्राचे मुख्यमंत्रिपद सोडून यशवंतराव चव्हाण त्याच नोव्हेंबरात दिल्लीला संरक्षणमंत्री म्हणून गेले होते. त्यामुळे महाराष्ट्रात या कामाला आपलेपणाची जोडही मिळाली. मुलींच्या शाळांत हस्तकलेच्या तासाला खाकी आणि हिरवट लोकर आली. ज्या विणकामाला फावल्या वेळचा चाळा म्हटले जाई, त्याची गरज तेव्हा कोणाला समजावून सांगावी लागली नाही.

घरातला वेळ खऱ्या अर्थाने बदलला तो इंधनाने. लाकूड-कोळशाच्या चुलीने भिंती काळ्या होत, भांड्यांची बुडे काळी होत, म्हणून घासणे आणि चुना देणे हे स्वयंपाकाचेच पुढचे पान होते. रॉकेलच्या स्टोने काजळी थोडी कमी केली आणि भडक्याची भीती आणली. बर्मा-शेल कंपनीने १९५५ मध्ये मुंबईत सिलिंडरमधला गॅस विकायला काढला. १९५९ मध्ये मुंबईतच हॉकिन्सच्या प्रेशर कुकरची कंपनी सुरू झाली. ओटा उंच झाला, बाई उभ्याने रांधू लागली, भिंत पांढरी राहू लागली. त्याच १९५९ च्या मार्चमध्ये गिरगावात सात गुजराती गृहिणींनी ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटले आणि त्यातून लिज्जत पापडाचा उद्योग वाढला. बेगमीचे काम अधिकाधिक विकत मिळू लागले. पापड, मसाला, लोणचे, दळलेले पीठ अशी कामे एकेक करून घराबाहेर गेली. आळीतल्या बायकांनी मिळून लाटण्याचा प्रसंगही त्याबरोबर गेला, आणि ही हानी मोठी आहे.

वाचलेला वेळ मात्र रिकामा राहिला नाही. स्त्रिया नोकरीला लागल्या, तसे सहा दिवसांचे न झालेले काम रविवारी साठले. फ्रीज पुसणे, डबे उपसणे, चादरी धुणे, इडलीचे पीठ वाटणे, आठवड्याची भाजी निवडून ठेवणे. ते रविवारीही मावेना तेव्हा लोकलच्या बायकांच्या डब्यात शिरले. पश्चिम रेल्वेने ५ मे १९९२ रोजी चर्चगेट-बोरिवली मार्गावर पहिली महिला विशेष गाडी सोडली. तिच्यात शेंगा सोलणाऱ्या, मेथी निवडणाऱ्या आणि स्वेटरची बाही विणणाऱ्या बायका रोज दिसत. १९८७ च्या जानेवारीपासून रविवारी सकाळी साडेनऊला 'रामायण' सुरू झाले तेव्हा काही काळ सगळ्या घरांचे वेळापत्रकच हलले: नाश्ता त्याआधी, धुणे त्यानंतर, आणि मधल्या वेळात हातात सुया.

पण सुयांचा काळ तोवर उताराला लागला होता. कॅशमिलॉनसारख्या कृत्रिम धाग्याने लोकर स्वस्त केली, धुवायला सोपी केली, आणि त्याच धाग्याने लुधियानाच्या यंत्रांवर निघालेला स्वेटर घरच्या लोकरीपेक्षा कमी पैशात येऊ लागला. हिवाळ्यात पुण्या-नागपूरच्या रस्त्यांवर तिबेटी निर्वासितांची स्वेटरची दुकाने लागतात. विदर्भात गोंदिया जिल्ह्यात त्यांची नॉर्ग्येलिंग ही वसाहत आहे. हाताने विणलेल्या स्वेटरची गरज संपली. उरले ते बाळाचे टोपडे, आणि ज्यांना विणल्याशिवाय चैन पडत नाही अशा बायका.

दुसरी सुट्टी हळूहळू आली. केंद्र सरकारने ३ जून १९८५ पासून आपल्या कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा दिला. बँकांना सप्टेंबर २०१५ पासून दुसरा आणि चौथा शनिवार मिळाला. महाराष्ट्र सरकारची कार्यालये २९ फेब्रुवारी २०२० पासून शनिवारी बंद राहू लागली. शनिवार-रविवार घर आवरणे, निवांत काही शिजवणे आणि एखादे हातकाम हाती घेणे ही आज अनेकांना आवडीची गोष्ट वाटते, ती या दोन दिवसांच्या बळावर. घरातल्या कामाची वाटणी मात्र तितकी बदललेली नाही. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवतात असे आढळले. जे पुरुष ते करतात त्यांची सरासरी ९७ मिनिटे.

आणि ज्या बाईच्या हातून दुसऱ्यांची घरे आवरली जातात, तिच्या सुट्टीचा प्रश्न १८९० मध्ये सुटला नव्हता. १९८० मध्ये पुण्यातल्या मोलकरणींनी काम बंद ठेवले आणि त्यातून त्यांची संघटना उभी राहिली. पगारवाढीबरोबर आजारपणाची आणि हक्काची रजा ही त्यांची मागणी होती. राज्याने २००८ मध्ये घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला. त्याने नोंदणी आणि कल्याणकारी मदत यांची सोय केली. आठवड्याची सुट्टी अजूनही घरोघरच्या मालकिणीशी बोलूनच ठरते, आणि रविवारी पाहुणे येणार असतील तर ती बहुधा सोमवारवर जाते.